तलवारवालीची विनोदी कथा कशी लिहायची: गोदाक्का, गिऱ्हा आणि लोणच्याची बरणी

आधी एक काम करा, वहीचं कोरं पान घ्या आणि त्यावर एवढंच लिहा की माझ्या गोष्टीत वाचक नेमका कोणाला हसणार आहे. याचं उत्तर मिळेपर्यंत पुढे जाऊ नका, खरंच सांगते, कारण बाईच्या हातात तलवार आहे हाच तुमचा सगळा विनोद असेल तर तो दोन ओळींत संपतो आणि उरलेली दहा पानं तुम्ही तिच्या वजनावर, मेकअपवर नाहीतर लाटण्यावर जोक मारत बसता. लाटणं घेतलेली बायको आणि पलंगाखाली लपलेला नवरा हे चित्र आपण सगळ्यांनी इतक्या वेळा बघितलंय की आता त्याला कोणी हसत नाही, नुसतं पान उलटतात.

माझं म्हणणं असं आहे की बाई तिच्या कामात पक्की हवी. तलवार चालवताना ती धडपडत नाही, नशिबाने जिंकत नाही, शेवटच्या क्षणी कोणी पुरुष येऊन तिला वाचवत नाही. हसू यायला पाहिजे ते आजूबाजूच्या जगाचं, ज्याला अशा बाईचं करायचं काय तेच कळत नाहीये. तिला पाट द्यायचा की बैठकीत बसवायचं, तिला मजुरी द्यायची की चोळीचा खण, अहो म्हणायचं की अगं, इथे खरा विनोद आहे आणि तो संपतच नाही.

हा प्रकार जगात आला कसा तेही थोडक्यात सांगते, कारण ते माहीत असलं की काय टाळायचं ते कळतं. १९३४ साली अमेरिकेतल्या वियर्ड टेल्स मासिकात सी. एल. मूर या लेखिकेने जिरेल नावाची मध्ययुगीन फ्रान्समधली तलवारवाली आणली, ती एकदम गंभीर होती, रागीट होती, तिच्या गोष्टी वाचताना अंगावर काटा येतो. मग १९७३ मध्ये मार्व्हलच्या कॉमिक्समध्ये रेड सोन्या आली आणि लवकरच तिच्या अंगावर ती प्रसिद्ध लोखंडी बिकिनी चढली, म्हणजे चिलखत असं की ज्याने पोट झाकत नाही, पाठ झाकत नाही, मांड्या तर नाहीच नाही. चिलखताचं काम काय, तर पोटात भाला जाऊ नये! तर पुढे या असल्या चित्रांची रेवडी उडवायची म्हणून १९९५ साली एस्थर फ्रिस्नर या लेखिकेने संपादित केलेला विनोदी कथांचा संग्रह बेन बुक्सने काढला, त्यात सगळ्या नायिका तलवारवाल्या, आणि तो इतका चालला की त्याची मालिका २०१५ पर्यंत सुरू राहिली. त्या संग्रहामागची युक्ती हीच होती की हसायचं ते बिकिनी घालणाऱ्या बाईला नाही, ती शिवणाऱ्याला हसायचं. हे एकदा डोक्यात बसलं की तुमचं अर्धं काम झालं.

पण आपल्याला मराठीत लिहायचंय, तर बिकिनीवर जोक मारून काही उपयोग नाही कारण ती आपली कटकटच नव्हती. आपल्याकडे नऊवारी आहे, कासोटा आहे, घोड्यावर बसता येतं, पळता येतं. आपली गंमत वेगळीकडे आहे.

मी आता एक कथा तुमच्यासमोर पायरी पायरीने उभी करते, तिच्यातूनच सगळं सांगते. नुसते नियम दिले तर ते कोणाच्या लक्षात राहत नाहीत.

पहिली पायरी: बाईला आधी धंदा द्या

योद्धा हा काही धंदा नाही. ती पोट कशावर भरते? आमची नायिका गोदाक्का, वय शेहेचाळीस, पट्टेकरी, म्हणजे दांडपट्टा चालवणारी. कोकणातून मीठ घेऊन घाट चढणाऱ्या बैलांच्या तांड्यांना संरक्षण देते, खेपेप्रमाणे पैसे घेते, आणि मध्ये काम नसेल तर गावोगावी भुतं काढायची कामंही घेते, दर भुतामागे ठरलेला दर, अर्धे आधी अर्धे नंतर. बघा, हे एवढं लिहिलं की लगेच सीन सुचायला लागतात. अर्धे नंतरचे कोण बुडवणार? भूत गेलं हे सिद्ध कसं करायचं? एका जागी दोन भुतं निघाली तर पैसे दोघांचे की एकाच खेपेचे?

वय मुद्दाम शेहेचाळीस ठेवलंय. अठरा वर्षांची, कमरेपर्यंत केस, डोळ्यांत आग अशी नायिका घेतली की तिच्याबद्दल लिहिताना तुमची भाषा आपोआप जड होते, आणि जड भाषेत विनोद होत नाही. शेहेचाळिशीतल्या बाईला गुडघा असतो, मतं असतात, आणि लोकांच्या मूर्खपणाचा कंटाळा आलेला असतो. शिवाय वीस-पंचवीस वर्षं तेच काम केलेल्या माणसाला सवयी असतात, आणि सवय ही विनोदी कथेतली सगळ्यात कामाची वस्तू आहे, त्याबद्दल पुढे बोलते.

आता हत्यार. इथे मी थोडी जास्त थांबणार आहे कारण बरेच जण इथेच घसरतात. कथेत वीस वीस किलोच्या तलवारी येतात, नायिका ती एका हाताने उचलते म्हणून सगळे थक्क होतात. लढाईतली नेहमीची एका हाताची तलवार साधारण एक-सव्वा किलोची असते, कारण ती तासभर फिरवायची असते. कड्यांचं अंगभर चिलखत मात्र दहा किलोच्या आसपास किंवा वरही जातं. म्हणजे दमवणारी गोष्ट कपडे आहेत, तलवार नाही! ही एक माहितीसुद्धा चांगला विनोद देऊन जाते.

गोदाक्काला मी दांडपट्टा दिला. पट्टा म्हणजे नेहमीची तलवार नव्हे हे नीट समजून घ्या. त्याला हाताला संरक्षण देणारा पोलादी खोबळा असतो, हात त्याच्यात घालायचा आणि आतली आडवी मूठ धरायची. त्यामुळे मनगट बांधलं जातं, तलवारीसारखा मनगटाचा खेळ करता येत नाही, वार येतो तो कोपरातून, खांद्यातून आणि सगळ्या अंगाच्या फिरकीतून. पातं सरळ, लांब आणि लवचिक. फिरवायला जागा लागते, म्हणून माजघरात नाहीतर बोळात पट्टेकरी अडचणीत येतो, हे प्लॉटला फार उपयोगी आहे. कोल्हापूरकडे मर्दानी खेळाची प्रात्यक्षिकं होतात, मुलीही पट्टा फिरवतात, जमिनीवर ठेवलेलं लिंबू फिरता फिरता कापतात, तर एकदा जाऊन समोर उभं राहून बघा. व्हिडिओत तो आवाज येत नाही, पातं हवेतून जातं तेव्हाचा, आणि बघणारे लोक आपोआप दोन पावलं मागे सरकतात तेही व्हिडिओत दिसत नाही. तुम्हाला कथेत लिहायचंय ते हे मागे सरकणं.

आता सवय. पोलादाला पाणी लागलं की गंज धरतो, म्हणून गोदाक्का रोज रात्री पट्टा पुसते, तेल लावते, कोणाच्याही घरी उतरली की जेवणाआधी वाटीभर तिळाचं तेल मागते, आणि पट्टा पाण्यात कधी म्हणजे कधी नेत नाही. नदी ओलांडायची असेल तर उजवा हात वर. ही सवय लक्षात ठेवा.

इतिहासातल्या बायकांबद्दल एक गोष्ट बोलायलाच हवी. चांदबिबीने १५९५-९६ मध्ये अहमदनगरचा किल्ला मोगलांविरुद्ध लढवला, ताराबाईंनी १७०० नंतर औरंगजेबाशी सात वर्षं झुंज दिली, हे सगळं आपल्याला शाळेपासून माहीत आहे. मोह होतो की यांनाच कथेत घ्यावं. माझं ठाम मत आहे की विनोदी फॅन्टसीत घेऊ नका. त्यांचं आयुष्य खरं होतं, त्यात खरी माणसं मेली, आणि तुमच्या गिऱ्ह्याच्या, म्हणजे पाण्यातल्या भुताच्या, गोष्टीत त्यांना आणलं की ना त्यांना न्याय मिळतो ना गिऱ्ह्याला. पण त्यांचा उपयोग असा करा की तुमच्या कथेत बाई लढते हे सिद्ध करत बसू नका. पहिल्या पानावर ती लढते, झालं. ज्याला पटत नाही तो कथेतला पाटील.

दुसरी पायरी: जादूचा एकच नियम, आणि तो घरातला

भुतांच्या बाबतीत आपण श्रीमंत आहोत, ड्रॅगन आणायची काही गरज नाही. वेताळ आहे, मुंजा आहे, खवीस आहे, गिऱ्हा आहे, प्रत्येकाची राहायची जागा ठरलेली, प्रत्येकाचं मागणं वेगळं. मुंजा पिंपळावर, त्याची मुंज झाली पण सोडमुंज व्हायच्या आत गेला, म्हणजे बिचारा कायम मधेच अडकलेला. यातलं कोणीही घ्या. फक्त हडळ आणि जखीण वापरताना हात जरा सांभाळून, कारण या बहुतेक बाळंतपणात नाहीतर छळात गेलेल्या बायका आहेत, त्यांच्या मागच्या बाजूला नुसती हाडं दिसतात यावर मला तरी हसू येत नाही. त्यांच्यावर कथा लिहायची असेल तर वेगळी लिहा, चांगली होईल.

मी गिऱ्हा घेतला. गिऱ्हा पाण्यात राहतो, रात्री नदीच्या उतारावर, म्हणजे पायी ओलांडायच्या जागी, माणसाला चकवतो, खोल पाण्यात नेतो. आणि त्याच्याबद्दल एक फार छान गोष्ट सांगतात की त्याचा केस जर कोणी मिळवून लपवून ठेवला तर तो त्या माणसाचा नोकर होतो, सांगेल ते आणून देतो, आणि केस परत मिळाला की सुटतो, मग आधीचे हिशोब पण चुकते करतो.

आता प्रश्न असा की केस लपवायचा कुठे. पहिल्या ड्राफ्टमध्ये मी तो देवळाच्या कळसात ठेवला होता, दुसऱ्यात तळघरात सात कुलपांच्या आत, दोन्ही वेळेला वाचताना कंटाळा आला. मग एकदा मावशीकडे गेले होते मे महिन्यात, ती कैरीचं लोणचं बरणीत भरत होती, वरून गार केलेलं तेल ओतत होती आणि मला म्हणाली, तेल बोटभर वर आलं पाहिजे, म्हणजे पाण्याचा वारा लागत नाही. मी तिथेच बसून वहीत लिहून घेतलं. गिऱ्हा म्हणजे पाणी. पाणी तेलातून खाली जात नाही. केस लोणच्याच्या बरणीत, तेलाच्या थराखाली, गिऱ्हा जन्मात हात घालू शकत नाही!

हा तेलाचा नियम माझा, लोककथेतला नाही, पण कुठल्याही मराठी घरात तो समजावून सांगावा लागत नाही. तुम्हाला असाच नियम शोधायचाय. दुधाचं नासणं, विरजण, दिव्याची वात, शिवाशिव, तिन्हीसांजेला झाडू न मारणं, उंबऱ्यावर न शिंकणं, यातला एकच उचला आणि तो मात्र कधी मोडू नका. एका कथेत दोन नियम आले की वाचक हसायच्या ऐवजी हिशोब करायला लागतो.

आणि स्वयंपाकघरातलं काही वापरलंत तर ते स्वयंपाकघरातल्या माणसाला वाचून दाखवा. मी केस आधी पितळी डबीत घालून बरणीत ठेवला होता तर मावशी पहिल्याच झटक्यात म्हणाली, आंबटात पितळ? कळकेल, सगळं फेकावं लागेल, कुठली आजी असं करेल? मग मी अत्तराची रिकामी काचेची कुपी केली. हे बारीक वाटतं पण अशा एका चुकीने वाचकाचा विश्वास उडतो, आणि विश्वास उडालेला माणूस भूत मानत नाही आणि हसतही नाही.

तिसरी पायरी: गोष्ट एका पानात सांगून बघा

लिहायच्या आधी अख्खी गोष्ट एका पानात लिहा, त्यात एकही जोक न घालता. माझं पान असं होतं.

घाटाखालच्या एका गावात नदीच्या उतारावर तांड्यांचा माल गायब होतोय, गूळ, मीठ, कधी नारळ. पाटील गोदाक्काला बोलावतात, काम ठरतं, गिऱ्ह्याला हाकलायचं. गोदाक्का नदीत उतरते, गिऱ्ह्याशी झटापट होते, ती जिंकते. पण तेव्हा कळतं की गिऱ्हा आपल्या मनाने काही करतच नाहीये, त्याचा केस कोणाकडे तरी आहे आणि त्याला रोज माल आणायला आणि पाणी भरायला लावलं जातंय. केस आहे पाटलांच्या आईकडे. आजींनी चाळीस वर्षं नदीवरून पाणी भरलं, गुडघे गेले, घरात कोणी कळशी उचलेना, म्हणून त्यांनी गिऱ्हा ठेवला. गोदाक्का बरणीतून कुपी काढते, गिऱ्हा सुटतो, पाणी भरायला आता कोणी नाही.

हे पान वाचून बघा, एकही जोक नाही, तरी शेवटी ओठ हलतात. हीच परीक्षा. एका पानाची गोष्ट कोरडी वाचून जर काहीच होत नसेल तर तिच्यावर कितीही पंच लावा, काही होणार नाही. आणि हे पण बघा की इथे दुष्ट कोणी नाही. आजी चोर आहेत पण त्यांचं कारण खरं आहे, आणि गावातल्या प्रत्येक बाईला ते समजेल, फक्त पाटलांना समजणार नाही. पहिल्या पानावर लिहिलेला प्रश्न आठवा, हसायचं कोणाला? आता उत्तर तयार आहे.

चौथी पायरी: पेरणी

विनोदी कथेत शेवटी जे उपयोगाला येणार ते आधी दोनदा दिसलं पाहिजे, आणि दोन्ही वेळा दुसऱ्याच कारणाने. माझ्या कथेत गोदाक्काचा उजवा हात कोरडा असणं हे सगळ्यात महत्त्वाचं आहे. म्हणून पहिल्यांदा ती पाटलांच्या ओसरीवर बसून जेवणाआधी तेलाची वाटी मागते, पाटलांना वाटतं केसांना हवंय, ते खोबरेल आणायला सांगतात, ती म्हणते तिळाचं, आणि पट्ट्याला चोळायला लागते. इथे वाचक हसतो आणि विसरतो. दुसऱ्यांदा नदीत उतरताना ती पट्ट्याचा हात वर धरते आणि काठावरचे लोक कुजबुजतात की हत्यार वर ठेवून लढणार कशी, म्हणजे इथे ती सवय अडचण म्हणून दिसते. तिसऱ्यांदा ती उपयोगाला येते. पहिल्यांदा गंमत, दुसऱ्यांदा खोळंबा, तिसऱ्यांदा किल्ली. हा क्रम जमला की वाचकाला वाटतं अरे हे तर आपल्याला माहीतच होतं, आणि ते वाटणं फार गोड असतं.

कितीदा पेरायचं याबद्दल लोक वाद घालतात, मला विचाराल तर तीनदा पेरलं की वाचक ओळखतो आणि एकदाच पेरलं तर विसरतो. दोनदा बास.

पाचवी पायरी: लढाई

लढाईचा सीन खरा लिहा. म्हणजे कोण कुठे उभं आहे, पाणी किती आहे, कुठला हात मोकळा आहे, हे वाचकाला दिसलं पाहिजे. जोक वाराच्या आधी येऊ द्या नाहीतर वारानंतर, वार पडतोय त्या वाक्यात अजिबात नको. वाराच्या मधे जोक आला की बाई लढते आहे यावरचा भरवसा जातो आणि सगळं सोंग वाटायला लागतं. आणि लढाई छोटी ठेवा, विनोदी कथेत अर्ध्या पानाच्या वर लढाई गेली की ताल बिघडतो.

माझा उतारा देते:

"गिऱ्ह्याने पाय धरला तेव्हा गोदाक्का कंबरभर पाण्यात होती. उजवा हात तिने आधीच डोक्यावर नेला होता, खोबळ्यासकट, पातं आभाळाकडे. डाव्या हाताने तिने पाण्याखाली चाचपलं, काहीतरी गार आणि शेवाळी हाताला लागलं, ते मनगट आहे एवढं कळल्यावर तिने ते पिळलं. रोज ती नऊवारी पिळायची तसंच, शेवटच्या थेंबापर्यंत.

'आई आई आई,' पाणी ओरडलं. 'सोड, तो खांदा आधीच गेलाय!'

'कशाने?'

थोडा वेळ नुसते बुडबुडे आले.

'कळशीने.'"

आता यात काय काय केलंय ते बघा. नऊवारी पिळणं हे घरकाम आहे, पण इथे ते तिची ताकद दाखवतं, तिला हसत नाही. ओला सुती लुगड्याचा पिळा ज्याने हाताने काढलाय त्याला माहीत आहे की त्याला मनगटात किती जोर लागतो. आणि कळशी हा एकच शब्द आख्खी गोष्ट उलटी करतो. भूत कळशी कशाला उचलेल? हा प्रश्न वाचकाच्या मनात आला की मी गोदाक्काला तो विचारायला लावत नाही, सीन तिथेच तोडते. बुडबुड्यांची ओळ मी नंतर घातली, मोठ्याने वाचताना लक्षात आलं की उत्तराच्या आधी एक श्वास हवा.

सहावी पायरी: कोण कोणाला काय म्हणतं

मराठीत लिहिणाऱ्याला इथे जी मजा आहे ती इंग्रजीत लिहिणाऱ्याला नाहीच. आपल्याकडे तू आहे, तुम्ही आहे, आपण आहे, अगं आहे, अहो आहे, अक्का, बाई, ताई, काकू, आणि प्रत्येकात सगळा हिशोब भरलेला. पाटील गोदाक्काशी पहिलं वाक्य बोलतात तेव्हा ते अडकतात. अगं म्हणावं तर कमरेला हत्यार आहे, अहो म्हणावं तर मजुरीवर आलेली बाई. मग ते पूर्ण संभाषण कर्ताच न वापरता करतात, "येणं कुठून झालं? जेवण व्हायचंय का? मागून घरातलं कोणी पुरुष माणूस येणार आहे का?" गोदाक्का शांतपणे म्हणते, "बैल येतोय. दमलाय." हे वाचून कोणीही गावाकडचा माणूस पाटलांना ओळखतो.

कथा जशी पुढे जाते तसं पाटलांचं संबोधन बदलू द्या. नदीतून ती बाहेर आल्यावर ते अहो म्हणतात, आणि घरातली भानगड बाहेर आल्यावर अक्का. कुठेही लिहू नका की पाटलांच्या मनात आदर निर्माण झाला, त्या एका शब्दाने ते झालेलं असतं. आजी मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत अगंच म्हणणार, त्यांना हत्याराचं काही नाही.

आणखी एक, योद्धा हा शब्द बाईसाठी वापरताना प्रत्येक वेळी अडखळायला होतं, योद्धी म्हटलं की नाटकातलं वाटतं, वीरांगना म्हटलं की डोळ्यांसमोर पुतळा येतो. त्यापेक्षा धंद्याचं नाव वापरा, पट्टेकरी, गोफणवाली, पहारेकरी, वाटाडी. धंद्याच्या नावात वजन आपोआप येतं आणि भाषा बोलीतली राहते.

भूत कसं बोलतं हेही ठरवून टाका. बरेच जण भुताला जुनी ग्रांथिक भाषा देतात, हे मानवा वगैरे. माझा गिऱ्हा घरगड्यासारखा बोलतो, तक्रारी करतो, सणाला सुट्टी नाही म्हणतो. तो घाबरवणारा आहे हे आधी गावकऱ्यांच्या बोलण्यात येऊन गेलंय, त्यामुळे तो तोंड उघडतो तेव्हा आपटायला उंची तयार असते.

सातवी पायरी: मोठा सीन छोट्या खोलीत

सगळे जण क्लायमॅक्स मोठा करायला जातात, सैन्य, वादळ, ज्वाला. विनोदी कथेत उलटं करा, क्लायमॅक्सला जागा जितकी छोटी आणि नियम जितका घरगुती तितकं चांगलं. माझा क्लायमॅक्स माजघराच्या उंबऱ्यावर आहे, जिथे पट्टा फिरवायला जागाच नाही आणि फिरवून उपयोगही नाही.

"आजींनी बरणीवर हात ठेवला. 'ओला हात लावलास तर वर्षाचं लोणचं जाईल.'

गोदाक्काच्या ओच्यातून, पदरातून, केसांतून नदी टपकत होती. घाटात सात दरोडेखोर आडवे केलेली बाई उंबऱ्याच्या बाहेर थांबली. मागे अंगणात गिऱ्हा उभा होता, त्याच्या पायाखाली तळं झालेलं. त्याने मान खाली घातली. आजवर तो इथपर्यंतच येऊ शकला होता.

गोदाक्काने डाव्या हाताने खोबळ्याचा बंद सोडला आणि उजवा हात बाहेर काढला. कोरडा. तिळाच्या तेलाचा वास येणारा.

आजींनी तो हात धरून उलटा केला, बोटांच्या बेचक्यात बघितलं, नखं बघितली. बराच वेळ बघितलं.

'हात नको,' त्या म्हणाल्या. 'पळी घे.'"

हा पळीचा शेवट मला सहाव्या ड्राफ्टला मिळाला. त्याआधी गोदाक्का हात घालून कुपी काढायची आणि सीन संपायचा, बरा होता, पण मग मावशीला वाचून दाखवताना ती मधेच म्हणाली की कोरडा असला तरी हात कोण घालू देईल! त्या वाक्याने आजी जिवंत झाल्या. आजी हरलेल्या आहेत, केस जाणार हे त्यांना कळलंय, तरी लोणचं ते लोणचं. आणि गोदाक्काही वाद घालत नाही, पळी घेते, कारण तीही आयुष्यभर हत्याराला तेल लावत आलीये, दुसऱ्याच्या वस्तूची निगा तिला कळते. दोन बायका एकमेकींना ओळखतात ते या पळीवर, आणि म्हणूनच त्याबद्दल मी एक शब्दही जास्त लिहिलेला नाही.

आठवी पायरी: कापाकापी

पहिला ड्राफ्ट झाला की चार दिवस ठेवून द्या. मग एक रंगीत पेन घ्या आणि प्रत्येक जोकसमोर लिहा हा कोणावर आहे. नायिकेच्या दिसण्यावर, वयावर, लग्नावर असेल तर काढा. पाटलाच्या बायकोवर असेल तर तोही काढा, ती बिचारी कथेत दोन ओळींची आहे आणि दोन्हीत जोकच असणं बरोबर नाही. माझ्या कथेत गोदाक्काच्या गुडघ्यावर तीन जोक होते, दोन काढले आणि तिसरा तिच्याच तोंडी दिला. आपल्या गुडघ्यावर बोलायचा हक्क तिचा आहे.

मग मोठ्याने वाचा, शक्यतो दोन-तीन माणसांसमोर, आणि ते कुठे हसतात त्यापेक्षा कुठे मोबाईल बघतात ते टिपा. माझ्याकडे घाटाचं वर्णन सुरू झालं की सगळ्यांचे हात मोबाईलकडे जायचे, दीड पान होतं, चार ओळींवर आणलं.

लांबी दोन ते अडीच हजार शब्द. त्याच्या खाली पेरणीला जागा मिळत नाही आणि चार हजाराच्या वर गेलं की एक नियम आणि एक भूत पुरत नाही. पाठवायची असेल तर आपल्याकडे दिवाळी अंकांसारखी जागा दुसरीकडे क्वचितच असेल, १९०९ मध्ये काशीनाथ रघुनाथ मित्र यांच्या मनोरंजनने पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी कथा तिथे वाढलीये आणि विनोदाला तिथे कायम मान आहे. पण दिवाळीला निघणाऱ्या अंकाचं काम पावसाळ्यातच चालू झालेलं असतं, म्हणून उन्हाळ्यात लिहायला बसा. तसंही लोणचं तेव्हाच घालतात.

राहिली शेवटची ओळ

मी तीन लिहिल्या होत्या. एकीत गिऱ्हा गोदाक्काचे आभार मानतो आणि नदीत नाहीसा होतो. ती काढली, कारण वाचकाला ते आधीच माहीत असतं. दुसरीत गोदाक्का पाटलांना घरातल्या बायकांच्या कष्टांबद्दल सुनावते. तिच्यातलं प्रत्येक वाक्य मला मनापासून पटत होतं, तरी काढली, कारण गोदाक्का भाषण करणारी नाही, ती पैसे मोजून घेते आणि निघते. तिसरी ठेवली.

तिसरीत दुसऱ्या दिवशीची पहाट आहे. गोदाक्का उरलेले अर्धे पैसे कनवटीला लावून घाटाकडे निघालीये, वळणावरून मागे बघते तर नदीवर धुकं आहे आणि धुक्यात एक माणूस वाकलेला दिसतोय, पागोटं काढून ठेवलेलं, खांद्यावर कळशी घ्यायचा प्रयत्न चाललाय, अर्धं पाणी अंगावर. हिशोब चुकता करायला गिऱ्ह्याला यापेक्षा चांगली वेळ मिळणार नाही, हे वाचकाला माहीत असतं. पाणी हलतं, पाटलांच्या पायाजवळ बुडबुडे येतात, आणि आतून कोणीतरी अगदी आपुलकीने म्हणतं, "पाटील, डावा खांदा जपा."